कचेरीची भाषा आणि अंगणाची भाषा : पोर्तुगीज मुलखात बिऱ्हाड करणाऱ्यांचा एक अभ्यास

सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा एक अडचण लगेच पुढे आली. कागद सापडत होते, पण ते वाचणारी माणसे सापडत नव्हती. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्या घरातील पणजोबा उर्दूतून अर्ज लिहून घेत, त्याच घरातील पणतूला तो अर्ज उजवीकडून वाचायचा की डावीकडून, हेही ठाऊक नव्हते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. हैदराबाद संस्थानात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत कारभाराची भाषा उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये निघाले तेही उर्दू माध्यमाचे. आपल्या डोंगरकड्यासारख्या गावातील माणूस तहसिलीत गेला म्हणजे उर्दूच्या हवाली होई आणि वेशीच्या आत आला म्हणजे पुन्हा मराठीचा होई. राजवट संपली, तहसिलीतील भाषा बदलली, आणि वेशीच्या आतली भाषा होती तशीच राहिली.

अशीच जुन्या कागदांची शोधाशोध गोव्यात गेली कित्येक वर्षे चालू आहे. फरक एवढाच, की तेथील कागद पोर्तुगीज भाषेत आहेत आणि शोधणाऱ्यांना आरक्षणाचा दाखला नको आहे, पोर्तुगालचे नागरिकत्व हवे आहे. गोवा, दमण व दीव हे प्रदेश डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. त्यापूर्वी तेथे जन्मलेल्या माणसाला आपला जन्म लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदवून पोर्तुगीज नागरिक होण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने मोकळी ठेवली आहे, आणि त्याच्या मुलांना व नातवंडांनाही त्या वाटेने जाता येते. आजोबांचा जन्मदाखला शोधायचा, त्यावरील नाव आजच्या कागदांशी जुळवायचे आणि अर्ज करायचा, असा हा क्रम. नाव जुळवण्यातच पुष्कळांची दमछाक होते. पोर्तुगीज कारकून 'श' हा उच्चार इंग्रजीत ज्याला आपण 'एक्स' म्हणतो त्या अक्षराने लिहीत. त्यामुळे आजोबा शंकर 'एक्स'मध्ये सापडतात आणि नातू शंकर 'एस'मध्ये. एकच माणूस दोन दप्तरांत दोन झालेला असतो.

कागद मिळाला म्हणजे माणूस तेथील झाला काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पोर्तुगीज भाषेच्या मुलखात जाऊन राहिलेल्या काही माणसांची उदाहरणे पाहून त्याचा विचार करावयाचा आहे. सोयीसाठी दोन शब्द वापरतो. कचेरीची भाषा म्हणजे ज्या भाषेत अर्ज, पगार, कोर्ट आणि पोलीस चालतात ती. अंगणाची भाषा म्हणजे ज्या भाषेत शेजारीण हळदी-कुंकवाला बोलावते, दुकानदार उधारी देतो आणि मुले भांडतात ती. परमुलखात गेलेल्या माणसाचा निभाव पहिलीवर लागतो. पण त्याचे बिऱ्हाड बसते ते दुसरीत, असे मला वाटते. या म्हणण्याला उदाहरणे कितपत आधार देतात ते पाहू.

पहिले उदाहरण मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचे आहे. 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे आपण आजवर कवी म्हणून पाहतो. येथे त्यांच्याकडे परदेशी स्थायिक झालेला माणूस म्हणून पाहू. ते इंग्लंडमधील विल्टशर परगण्याचे. इंग्लंडात त्या वेळी कॅथलिकांना दिवस वाईट होते. 1575 मध्ये रोमला ते जेझुइट संघात दाखल झाले आणि 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून जहाजात बसले. गोव्याला पोहोचले 24 ऑक्टोबरला. साडेसहा महिन्यांच्या या प्रवासाची हकीकत त्यांनी वडिलांना नोव्हेंबरमध्ये पत्राने कळवली. जहाजावर सुमारे 150 माणसे आजारी पडली आणि त्यांतील 27 दगावली, एवढ्यावर निभावले याचेच त्यांना समाधान होते. त्यानंतर ते मायदेशी परत गेले नाहीत. 1619 मध्ये गोव्यातच वारले. म्हणजे चाळीस वर्षे.

आता या माणसापुढे भाषांचा प्रश्न कसा उभा राहिला ते पाहा. जन्मभाषा इंग्रजी, ती गोव्यात कोणाच्या कामाची नव्हती. धर्माची भाषा लॅटिन. राज्याची भाषा पोर्तुगीज. ती आल्याशिवाय त्यांना एक दिवस राहता आले नसते. नावही त्या भाषेने आपल्या वळणावर नेले, आणि स्टीफन्सचे पाद्री इश्तेव्हांव झाले. येथवर ते कोणत्याही परदेशी नोकरदारासारखेच होते. पण त्यांना नेमणूक मिळाली सासष्टीत. आणि सासष्टीच्या खेड्यात पोर्तुगीज बोलणारे किती भेटणार? तेथील अंगणात कोकणी होती आणि देवळात व पुराणकथनात मराठी. त्यांनी दोन्ही शिकून घेतल्या, आणि नुसत्या कामापुरत्या नव्हेत. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले आहे. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी तसेच मत मांडले ते त्यानंतर दोनशे वर्षांनी. जोन्स यांचे नाव भाषाशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात येते. स्टीफन्स यांचे पत्र घरगुती होते, म्हणून ते घरातच राहिले.

हेच 1583 साल त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जुलैत कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्याआधी पोर्तुगीजांनी तेथील देवळे पाडली होती. पुढे सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स यांनी अंगणाची भाषा ज्या अंगणात शिकली त्याची ही अवस्था होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाणे बरे नव्हे. ते राज्यकर्त्यांच्या बाजूनेच आले होते आणि धर्मांतर हाच त्यांचा हेतू होता. तरीही राज्यकर्त्यांच्या बाजूने आलेल्या शेकडोंपैकी किती जणांनी सासष्टीच्या माणसाला समजेल अशा ओवीत आपले म्हणणे मांडण्याचे कष्ट घेतले, हा प्रश्न उरतोच. जुनी पुराणे हातची गेल्यावर नव्या ख्रिस्ती लोकांना ऐकायला काही नव्हते. ती उणीव त्यांनी ओळखली. सुमारे 11 हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ 1616 मध्ये रायतूर येथे छापला गेला. देवनागरीचे खिळे पाडता न आल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. कोकणीचे त्यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापून निघाले. त्याची भाषा पोर्तुगीज आहे. कचेरीची भाषा जाणणाऱ्या नव्या पाद्र्यांना अंगणात जाता यावे म्हणून केलेले ते पुस्तक आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

त्याच 1583 च्या अखेरीस गोव्यात चार इंग्रज कैदी म्हणून आणले गेले : जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी. ते व्यापारासाठी निघाले होते आणि हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझला पकडले गेले होते. त्यांना ना पोर्तुगीज कायदा कळत होता, ना कोणाकडे दाद मागावी हे. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी खटपट केली आणि जामिनावर त्यांची सुटका झाली. परदेशी रुळलेला गाववाला नव्याने आलेल्यासाठी कचेरीत उभा राहतो, ही गोष्ट इतकी जुनी आहे. पुण्या-मुंबईत नोकरी शोधायला गेलेल्या आपल्याकडच्या कोणत्या मुलाला असा एखादा 'आपला माणूस' लागला नाही?

त्या चौघांचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. न्यूबेरी, फिच आणि लीड्स 1584 च्या एप्रिलमध्ये गोव्यातून पळाले. लीड्स जवाहिऱ्या होता, तो अकबराच्या चाकरीत राहिला. फिच पेगू-मलाक्कापर्यंत हिंडून 1591 मध्ये लंडनला पोहोचला. चौथा स्टोरी मात्र गेलाच नाही. तो चित्रकार होता. जेझुइटांना चर्च रंगवायला माणूस हवा होता म्हणून त्यांनी त्याला आपल्यात घेतले. काही दिवसांनी त्याने मठ सोडला, बाजारात दुकान मांडले आणि तिथल्याच मुलीशी लग्न केले. लिन्सखोटेन नावाचा डच गृहस्थ त्या वेळी गोव्याच्या आर्चबिशपांकडे नोकरीस होता. त्याने आपल्या प्रवासग्रंथात ही हकीकत दिली आहे. स्टोरीने ग्रंथ लिहिला नाही, व्याकरण केले नाही. पण दुकान, बायको आणि सासुरवाडी या तीन गोष्टी त्याला मिळाल्या, आणि अंगणाची भाषा शिकण्याच्या यांपेक्षा मोठ्या शाळा मला ठाऊक नाहीत.

अर्थात अंगणात मिसळून गेले म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1568 पर्यंत, येथेच राहिला. येथील वैद्यांना, व्यापाऱ्यांना, बागवानांना विचारून त्याने औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ रचला तो 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात आपली हळदही आहे. पोर्तुगीज भाषेत हळदीला 'भारतातले केशर' अशा अर्थाचे नाव आहे. वसमत-हिंगोलीच्या बाजारात पोत्यांनी विकला जाणारा माल लिस्बनच्या भाषेत केशराच्या पंक्तीस बसतो, हे वाचून गंमत वाटते. पण ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातील. तो गेल्यावर वर्षभरात त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले, आणि 1580 मध्ये त्याचीही हाडे उकरून जाळण्यात आली. तीस-चौतीस वर्षांचे बिऱ्हाड कचेरीने एका निकालात मोडले. तेव्हा कचेरीला कमी लेखून चालणार नाही.

येथवर बाहेरून आलेल्यांचा विचार झाला. ज्यांच्या अंगणातच परकी कचेरी येऊन बसली त्यांचे काय? 27 जून 1684 रोजी व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. संभाजी महाराजांच्या स्वारीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. राज्यकर्ते घाबरलेले होते आणि घाबरलेले राज्यकर्ते भाषेवर राग काढतात. तीन वर्षे गेली, तीनशे वर्षे गेली. कोकणी आहे. फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तेथे देवळांतून आणि घरांतून मराठी शिकवली जात राहिली. पोर्तुगीज शिकणारे होतेच. नोकरी, वकिली आणि वैद्यकी त्या भाषेवाचून नव्हती. पण ती दुपारची भाषा होती, रात्रीची नव्हे.

या दोहोंचा सर्वांत फलदायी उपयोग पांडुरंग पिसुर्लेकर यांनी केला. त्यांचा जन्म 1894 मध्ये सत्तरीतील पिसुर्ले येथे झाला. शिक्षण आधी मराठीत. पोर्तुगीज त्यांनी मागाहून आत्मसात केली, आणि ती इतकी, की पणजीच्या ऐतिहासिक दप्तराचे ते प्रमुख झाले. त्या दप्तरात शिवाजी महाराजांपासून पेशव्यांपर्यंतच्या राजकारणाचे कागद पोर्तुगीज भाषेत पडून होते. ते त्यांनी वाचले, छापले आणि मराठ्यांच्या इतिहासकारांपुढे ठेवले. 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे निजामी दप्तराला असा माणूस त्या प्रमाणात लाभला नाही. लाभला असता, तर 2023 मधील धावपळ थोडी कमी झाली असती असे वाटते.

आता समुद्रापलीकडे जाऊ. गोव्याचा माणूस पोर्तुगीज मुलखात बाहेर पडला तो मुख्यतः आफ्रिकेत, मोझांबिकला. हा देश 1752 पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली होता, त्यामुळे कारकून, पाद्री, डॉक्टर यांची जा-ये जुनी. दीवचे गुजराती व्यापारीही तेथे सतराव्या शतकापासून होते. या दोघांची राहणी निराळी. गोव्याचा शिकलेला ख्रिस्ती कारकून कचेरीच्या भाषेत पारंगत होता. दीवचा व्यापारी दुकानात पोर्तुगीज आणि गिऱ्हाइकाची आफ्रिकी बोली वापरी, घरी गुजराती. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आले आणि त्याचा झटका पहिल्यांदा मोझांबिकमधील हिंदी माणसांना बसला. ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र होते त्यांना पोर्तुगीज सरकारने छावण्यांत कोंडले आणि देश सोडायला लावले. ज्यांच्याकडे पोर्तुगीज कागद होते ते राहिले. एकाच गल्लीतील, एकाच जातीची, एकच भाषा बोलणारी दोन दुकाने. एकाचे कुलूप सरकारने लावले, दुसऱ्याचे उघडे राहिले. कागदाचे बळ दाखवणारा याहून स्पष्ट प्रसंग सांगता येणार नाही.

मग 25 एप्रिल 1974 रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली, जुनी हुकूमशाही गेली, आणि 25 जून 1975 रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी गाठोडी बांधली व लिस्बन गाठले. सारेच गेले असे नाही. बारदेशात 1924 मध्ये जन्मलेले आकिनु द ब्रागांसा पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या आफ्रिकी लढ्यात सामील झाले, स्वतंत्र मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचे निकटचे सल्लागार झाले, आणि 19 ऑक्टोबर 1986 रोजी माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात मरण पावले. मापुतोच्या विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यासकेंद्र त्यांनी उभारले. त्यांनी आफ्रिकेचे अंगण निवडले होते. ज्यांनी ते निवडले नव्हते, केवळ कचेरीच्या आधाराने जे तेथे होते, ते कचेरी गेल्याबरोबर निघाले.

लिस्बनला आलेल्या हिंदू कुटुंबांचे पहिले दिवस कठीण गेले. विमानतळाजवळच्या क्विंता द व्हितोरिया या झोपडवस्तीत पत्र्या-फळ्यांच्या घरांत पुष्कळ जण वर्षानुवर्षे राहिले; तिथेच त्यांनी देऊळही मांडले. पण एक गोष्ट त्यांच्या गाठीशी होती. पोर्तुगीज त्यांना येत होती. मालकाशी बोलायला दुभाषी लागत नव्हता, मुलांना पहिल्या दिवशी शाळेत बाईंचे बोलणे समजत होते. थोड्याच काळात फेरीवाले दुकानदार झाले. लुमियार भागात त्यांनी राधाकृष्णाचे मोठे मंदिर बांधले. मोझांबिकमध्ये जी कचेरीची भाषा होती तीच लिस्बनमध्ये शेजाऱ्याची, भाजीवालीची, मुलांच्या खेळाची भाषा निघाली. कचेरी आणि अंगण यांची भाषा तेथे एकच आहे, हा लिस्बनचा विशेष ध्यानात ठेवला पाहिजे.

याचा अगदी टोकाचा परिणाम एका घराण्यात दिसतो. ओर्लांदु द कोस्ता यांचा जन्म 1929 मध्ये मोझांबिकच्या राजधानीत झाला, बालपण मडगावला गेले, आणि अठराव्या वर्षी ते शिक्षणासाठी लिस्बनला गेले. तेथे ते लेखक झाले. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची गाजलेली कादंबरी पोर्तुगीज भाषेत आहे, आणि तिचा विषय आहे गोव्यातील शेतमजुरांचे जिणे. त्याच वर्षी लिस्बनमध्ये त्यांचा मुलगा आंतोनियु जन्मला. घरी त्याला 'बाबुश' म्हणत. हा शब्द गोव्याच्या अंगणातला आहे. हा बाबुश 2015 ते 2024 पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि डिसेंबर 2024 पासून युरोपीय परिषदेचा अध्यक्ष झाला. जानेवारी 2017 मध्ये ते भारतात आले तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड दिले. वडिलांना पोर्तुगीज भाषेत गोवा लिहावासा वाटला, मुलाला पोर्तुगीज भाषेत देश चालवता आला. यात कोणाला तोटा दिसेल, कोणाला नफा. मला दोन्ही दिसतात, कारण मडगावची बोली त्या घरात आता एका हाकेपुरती उरली.

गोव्यातून अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्यांची तऱ्हा याहून वेगळी आहे. त्यांतील मोठ्या संख्येने लोक पोर्तुगालमध्ये राहायला गेलेच नाहीत. पोर्तुगीज पारपत्रावर युरोपीय संघात कोठेही काम करता येते आणि 2020 च्या अखेरपर्यंत त्यात ब्रिटनही धरला जाई. म्हणून ते इंग्लंडला गेले, कारण शाळेत शिकलेली इंग्रजी तेथे चालते. स्विंडन नावाच्या गावात गोव्याच्या लोकांची मोठी वस्ती झाली आहे. हे स्विंडन विल्टशर परगण्यात आहे. म्हणजे ज्या परगण्यातून स्टीफन्स निघाले आणि पोर्तुगीज जहाजाने गोव्यास आले, त्याच परगण्यात गोव्याची माणसे पोर्तुगीज कागद घेऊन कारखान्यांत व गोदामांत काम करायला गेली. या प्रकारात पोर्तुगीज भाषा कोठेच नाही, ना अंगणात, ना कचेरीत. ती फक्त पारपत्राच्या पुठ्ठ्यावर छापलेली आहे. शिवाय याची किंमतही आहे. 1955 च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की भारताचे संपते. मतदान गेले, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क गेला. आजोबांच्या जन्मदाखल्यावर नातवाने आजोबांचा देश सोडला, असे त्याचे विचित्र रूप आहे. पोट भरण्यासाठी जाणाऱ्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात राहून कोणी तो देऊही नये.

मराठवाड्यातील मुलामुलींकडे असा जन्मदाखला नाही. तरी पोर्तुगाल हा शब्द आता आपल्याकडच्या दलालांच्या तोंडी ऐकू येतो. दक्षिण पोर्तुगालमध्ये ओदेमिरा भागात मोठमोठी हरितगृहे आहेत. तेथे रासबेरीसारखी नाजूक फळे काढण्याचे काम भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मजूर करतात. एका खोलीत दहा-पंधरा जण राहत असल्याचे 2021 मध्ये करोनाच्या साथीत उघडकीस आले, तेव्हा पोर्तुगालच्या वर्तमानपत्रांनाही धक्का बसला. त्यापूर्वी अनेक वर्षे तेथे एक सोय होती : पर्यटक म्हणून जावे, काम धरावे आणि मग राहण्याचा परवाना मागावा. जून 2024 मध्ये ती बंद झाली. आता कामाचा व्हिसा निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. 'एकदा पोहोच, पुढचे मी बघतो' असे सांगणारा दलाल जुना नियम विकत असतो आणि नवे पैसे घेत असतो. आपल्या भागात केळीचा बाग किती खर्चाने उभा राहतो हे सर्वांना माहीत आहे. तेवढी रक्कम अशा माणसाच्या हाती देण्यापूर्वी पोर्तुगालच्या वकिलातीने नेमलेल्या व्हिसा केंद्रात स्वतः चौकशी करावी.

हरितगृहात काम करणाऱ्याची भाषेच्या दृष्टीने काय स्थिती असते? मुकादम हिंदी-पंजाबी बोलतो, खोलीत हिंदी, फोनवर मराठी. पोर्तुगीज केवळ कचेरीत भेटते, तीही काचेपलीकडे. अशा माणसाला अंगणच नसते. पोर्तुगाल सरकारने परदेशीयांसाठी भाषेचे मोफत वर्ग चालवले आहेत, आणि वास्तव्यावरून नागरिकत्व मागायचे तर प्राथमिक, म्हणजे 'ए-2' पातळीची पोर्तुगीज येते असे सिद्ध करावे लागते. पण बारा तास फळे तोडून रात्री वर्गाला जाणे किती जणांना जमेल?

शिकणाऱ्या मराठी माणसाला ही भाषा अगदी अनोळखी लागणार नाही. पगार, चावी, बटाटा, कोबी, पपई, पाव, लिलाव, घमेले, बादली हे शब्द आपण पोर्तुगिजांकडूनच घेतले आहेत. म्हणजे भाषा शिकायला बसण्यापूर्वीच स्वयंपाकघर आणि बांधकाम अर्धे हाती आहे. अनुनासिक उच्चार आपल्याला नवे नाहीत. लिंगे तेथे दोनच, आपल्याकडे तीन. मोठ्यांशी आणि बरोबरीच्यांशी निरनिराळे बोलणे आहे, त्यामुळे 'तू' आणि 'आपण' यांतील अंतर जाणणाऱ्याला इंग्रजीवाल्यापेक्षा ते लवकर कळते. एके ठिकाणी मात्र थांबावे लागते. 'आहे' या आपल्या एका क्रियापदाला तेथे दोन क्रियापदे आहेत. 'सेर' हे टिकाऊ असण्याचे, 'इश्तार' हे तात्पुरत्या असण्याचे. 'मी लिस्बनमध्ये आहे' असे म्हणताना 'इश्तार' येते. 'मी लिस्बनचा आहे' असे म्हणताना 'सेर'. मराठीत हा भेद क्रियापद दाखवत नाही, तो नामाच्या शेपटीत असतो : एकीकडे 'मध्ये', दुसरीकडे 'चा'. डोंगरकड्यात बदलून आलेला तलाठी डोंगरकड्यात असतो, डोंगरकड्याचा नसतो. हे आपल्या कानाला नेमके कळते, फक्त आपण त्यासाठी क्रियापद बदलत नाही.

स्टीफन्स यांना पहिल्या वर्षी गोव्यात असताना कोणते क्रियापद वापरावेसे वाटले असेल आणि चाळिसाव्या वर्षी कोणते, याचा कागद उपलब्ध नाही. स्टोरीच्या बाबतीत दुकान उघडले त्या दिवशीच क्रियापद बदलले असावे. ओदेमिराच्या खोलीतील मुलगा पाच वर्षांनीही 'इश्तार'च वापरील, आणि त्यात व्याकरणाची चूक नसेल.

ज्यांना ही भाषा शिकावयाची आहे त्यांच्यासाठी गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, आणि दिल्लीत दिल्ली विद्यापीठात व जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ती शिकवली जाते. पणजीत पोर्तुगालच्या कामोंइश संस्थेचे भाषाकेंद्रही आहे. आपल्या विद्यापीठात आज उर्दू, पाली, हिंदी शिकता येतात. पोर्तुगीज शिकायची तर मराठवाड्याबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नाही. निदान उर्दूचा वर्ग तरी आपल्या विद्यार्थ्यांनी रिकामा ठेवू नये. घरातील पेटीत पणजोबांचा अर्ज अजून आहे.